शेत विकलं, आता येळवस कुठं करायची?

बिनबांधाचा | २ डिसेंबर २०२५, रात्री १०:४२

वीसेक वर्षं झाली, पुण्यात आहे. गाव निलंग्याजवळ. दोन वर्षांमागं भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि माझ्या वाटणीचं साडेतीन एकर मी विकलं. कारणं लिहीत बसत नाही. ज्यांनी विकलंय त्यांना ती माहीत असतात.

यंदा १९ डिसेंबरला, शुक्रवारी येळवस आहे. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, माझ्याजवळच असते. गेल्या वर्षी ती आजारी होती म्हणून विषय निघाला नाही. यंदा दिवाळी झाल्यापासून दर दोन दिवसांनी विचारते, "येळवस कवा हाय रे?" तारीख तिला पाठ आहे. तिला विचारायचं असतं ते वेगळंच.

बायको साताऱ्याची. ती म्हणाली, गच्चीवर कुंड्या आहेत, तिथंच पाच खडे मांडू, मी पोळ्या करते. तिनं मनापासून सांगितलं होतं. आई नुसती हसली आणि आत जाऊन पडली. गावाकडून चुलतभाऊ म्हणतो, आमच्या रानात या. तिथं आईला जायचं नाही, कारण त्याच्या बांधाला लागून जे रान आहे ते आमचं होतं.

तर प्रश्न असा की गच्चीवर येळवस होते का? होत नसेल तर बिनशेतीच्या माणसानं काय करावं?

मांजराकाठ | २ डिसेंबर, रात्री ११:०५

आमच्याकडं या. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवलाय. धागा बंद करायला हरकत नाही.

सईसांगली | ३ डिसेंबर, सकाळी ८:१५

अज्ञानाबद्दल माफी, पण येळवस म्हणजे काय? मी आधी एकादशीचा काही प्रकार समजले.

औशाचीलेक | ३ डिसेंबर, सकाळी ९:५०

सई, बस जरा, सांगते.

मार्गशीर्षातली अमावस्या ती वेळा अमावस्या. आमच्या तोंडी येळवस, कुणी येळ अमावस्याही म्हणतं. लातूर आणि धाराशिव हे तिचं माहेर. सोलापूरचा कर्नाटकाकडचा भाग आणि पलीकडं बीदर-कलबुर्गीतही असते. त्या दिवशी अख्खं गाव रानात जाऊन जेवतं. लातुरात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात. दुपारी बारा वाजता शहरातून चक्कर मारलीस तर संचारबंदी लागलीय असं वाटेल. चहाची टपरीसुद्धा बंद.

रानात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून खोप करतात. आत पाच खडे, चुना आणि काव लावून. ते पाच पांडव. आमच्यात सहावा लहान खडा द्रौपदीचा असतो, शेजारच्यांत नसतो, आणि यावरून दरवर्षी दोन्ही घरच्या आज्या एकमेकींना नावं ठेवतात. खोपीवर शाल घालायची, लक्ष्मीची पूजा, नैवेद्य, आणि मग घरातला एक माणूस आंबील घेऊन रानभर शिंपडत फिरतो. बाकीचे मागं ओरडत. त्याला चर शिंपणं म्हणतात.

जेवायला भज्जी, आंबील, सजगुऱ्याचे उंडे (सजगुरा म्हणजे बाजरी), तिळाची पोळी, शेंगदाण्याची पोळी, धपाटे, वांग्याचं भरीत, गव्हाची खीर. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, मग शिजवून लसूण-मिरची-जिरं घालायचं. दोन पेले झाले की माणूस जिथं बसलाय तिथंच आडवा होतो. चार वाजता कुठल्याही बांधावर जा, झाडाखाली चादर टाकून पुरुषमंडळी घोरत असतात.

बिनबांधाचा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाहीये, म्हणून हिच्या प्रश्नाचं एवढं लांब दिलं.

तिथीपंडित | ३ डिसेंबर, सकाळी १०:२०

धागाकर्त्याच्या आईंना कळवा की त्या विचारतात ते बरोबरच आहे, येळवस कॅलेंडरवर नेमानं सापडत नाही. २०२३ साली ती आलीच नाही आणि २०२४ साली दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२३ ला श्रावण अधिक होता, त्यामुळं मार्गशीर्ष पुढं ढकलला.

टवाळ_तुळजापूरकर | ३ डिसेंबर, सकाळी १०:२६

म्हणजे २०२३ ला आमच्या सायबानं "येळवसीला कर्ज फेडतो" म्हणून सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. हसून हसून पुरेवाट.

परभणीचा_पाव्हणा | ३ डिसेंबर, दुपारी १:१०

एक नम्र तक्रार. मराठवाडा म्हटलं की लातूरवाले येळवस काढतात. आम्ही परभणीकर, जालन्याचे, बीडचे पुष्कळ लोक हा सण पेपरात वाचतो. आमचा मोठा सण महालक्ष्म्या. तीन दिवस, ज्येष्ठा-कनिष्ठा, सोळा भाज्या, पुरणपोळी, आणि मुखवट्यांना आरसा दाखवल्याशिवाय आमची आजी कुणाला जेवू देत नसे. त्यावर धागा काढा, मग बघा.

औशाचीलेक | ३ डिसेंबर, दुपारी १:३१

महालक्ष्म्या आमच्याकडंही असतात हो पाव्हणे. आम्ही दोन्ही जेवतो, तुम्ही एकच. कीव करा स्वतःची.

भालकीची_सून | ३ डिसेंबर, सायंकाळी ७:४५

माझं माहेर उदगीर, सासर बीदरकडचं भालकी. माहेरी चर शिंपताना "ओलगे ओलगे, सालम पोलगे" ओरडायचो. लग्नानंतरच्या पहिल्या येळवसीला सासरे रानात पुढं निघाले आणि ओरडले, "हुलिग्यो हुलिग्यो, सालांब्रिग्यो!" मी मागं उभी राहून हसतेय, कारण लहानपणापासून ओरडत होते ते म्हणजे हेच, चार कोस चालून झिजलेलं. सासऱ्यांना अर्थ विचारला तर म्हणाले, हे ओरडायचं असतं, विचारायचं नसतं.

चर शिंपणं हेही तिकडं चरगा चेल्लणं. आणि कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. एळ्ळ अमावस्या, म्हणून तिळाची पोळी. आपण तिला वेळा करून टाकली आणि मग वेळेचा काय संबंध म्हणून डोकं खाजवत बसलो.

निवृत्त_मास्तर | ३ डिसेंबर, रात्री ९:००

भालकीच्या सूनबाईंचं बरोबर आहे. तरुणांना हे लक्षात राहत नाही की उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते मुंबई राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात आले, आणि लातूर जिल्हा तर ऑगस्ट १९८२ चा. रेषा आत्ता पडली. आंबील तिच्या आधीची आहे. माझ्या वडिलांना घरात कानडी, बाजारात मराठी आणि कचेरीत उर्दू लागायची. रागावले की तिन्ही एकदम.

गच्चीबद्दल माझं मत: नाही. पांडवांचे खडे मातीत लागतात. कुंडीतली माती विकत आणलेली असते.

पेठेतला_पाहुणा | ३ डिसेंबर, रात्री ९:३२

भज्जीचं वर्णन कुणीतरी नीट द्या ना. सगळ्या शेंगा एकत्र शिजवतात म्हणजे उंधियूच की?

टवाळ_तुळजापूरकर | ३ डिसेंबर, रात्री ९:३३

आली का बला. सगळे खाली बसा.

औशाचीलेक | ३ डिसेंबर, रात्री ९:५८

उंधियू म्हणणाऱ्याला आंबील पाजू नये असा ठराव मांडते.

भज्जीत तेल नावालाच. तुरीचे ओले दाणे, वालाचे दाणे, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे, ओल्या शेंगांचे दाणे. वर मेथी, पालक, चुका, कांद्याची पात, गाजर, चार वांगी. सगळं शिजत आलं की डाळीचं पीठ आंबट ताकात कालवून सोडायचं, चिंचेचा कोळ, हिरवी मिरची, लसूण. दाट, पिवळट-हिरवं होतं. उंड्याला खड्डा पाडायचा आणि त्यात ओतून खायचं.

मांजराकाठ | ३ डिसेंबर, रात्री १०:१४

ताकात नाही, आंबिलीत कालवायचं. ताकात कालवली की पिठल्याची बहीण होते.

औशाचीलेक | ३ डिसेंबर, रात्री १०:१६

आमच्यात ताकच. औशात या आणि सांगा हे.

(यापुढचे अकरा प्रतिसाद ताक की आंबील यावर आहेत. व्यवस्थापनाने ते "भज्जी" या वेगळ्या धाग्यात हलवले आहेत.)

जाईजुई | ४ डिसेंबर, सकाळी ६:५०

वाचून छान वाटलं. फक्त एवढं लिहायचं राहिलं की हे सगळं करतं कोण. दोन दिवस आधी पीठ भिजवायचं, आदल्या रात्री पोळ्या लाटायच्या, शेंगा सोलायच्या (माझी बोटं तीन दिवस काळी असतात), पहाटे तीनला उठून उंडे उकडायचे, टोपल्या बांधायच्या. आंबिलीचं बिंदगं (घागर) डोक्यावर घेऊन रानात पोचलं की मालक मंडळी खोपीजवळ उभी राहून फोटो काढत असतात. मग आलेल्या साठ माणसांना वाढायचं. मी स्वतः साडेतीनला जेवते, भज्जी तोवर गार गोळा.

येळवस मला आवडते. पण माझी सासू "येळवस आली गं बाई" म्हणते ना, तो स्वर आनंदाचा नसतो.

टवाळ_तुळजापूरकर | ४ डिसेंबर, सकाळी ७:३०

यंदा भज्जी पुरुषांनी करावी असा ठराव.

जाईजुई | ४ डिसेंबर, सकाळी ७:३४

मग पांडव उपाशी वनवासाला जातील. नुसत्या शेंगा सोला, तेवढं पुरे.

सालगड्याचा_नातू | ४ डिसेंबर, रात्री ११:२०

लिहावं की नाही असा दिवसभर विचार केला.

"येळवसीला कुणी उपाशी राहत नाही, वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात" हे दरवर्षी ऐकतो आणि ते खरंही आहे. माझे आजोबा औसा तालुक्यात सालगडी होते. पाडव्याला साल ठरायचं. येळवसीला खोप त्यांनी बांधायची, कडबा त्यांनी वाहायचा, खडे त्यांनी नदीवरून निवडून आणायचे. एकदा चुना लागून पांडव झाले की त्यांनी हात लावायचा नाही. पंगत खोपीसमोर, आणि आजोबांची पत्रावळ बांधाच्या पलीकडं. पोटभर वाढायचे, त्यात कसूर नाही. वरून वाढायचे एवढंच.

पुढं वडिलांनी तीस गुंठे घेतलं. पहिल्या येळवसीला त्यांनी आजोबांच्या जुन्या मालकाला बोलावलं. ते आले, शाल पांघरून आले, खोपीला नमस्कार केला, अर्धा पेला आंबील घेतली. जेवणाला मात्र "आत्ताच जेवलो" म्हणाले. येळवसीला सकाळी अकरा वाजता कोण जेवून येतं? वडील त्यावर काही बोलले नाहीत. दरवर्षी बोलावत राहिले. तिसऱ्या का चौथ्या वर्षी मालकाचा मुलगा आला आणि तीन उंडे खाऊन झोपला. आता तो आणि मी एकाच व्हॉट्सॲप गटात येळवसीच्या शुभेच्छा टाकतो.

म्हणून कुणाला बोलावतात ते लिहिताना कुठं बसवतात तेही लिहा. बिनबांधाचा, तुम्ही बांध नाही म्हणून हळहळता ते मला कळतं. आमच्याकडं बांधाची आठवण जरा वेगळी आहे.

निवृत्त_मास्तर | ५ डिसेंबर, सकाळी ६:१०

वाचलं. आमच्या रानातली पंगतही तशीच बसायची. मी त्यात वाढायला होतो, तेव्हा मला त्यात काही दिसलं नव्हतं.

बिनबांधाचा | ५ डिसेंबर, रात्री १०:३०

सालगड्याचा नातू, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "आपल्याकडं बी तसंच हुतं की." आमच्या सालगड्याचं नाव तिला आठवत होतं, त्याच्या बायकोचं आठवेना. त्याचं तिला फार लागलं.

सोयाबीनग्रस्त | ६ डिसेंबर, दुपारी १२:०५

विषय थोडा वळवतो. ज्यांना रान आहे त्यांची येळवस तरी कुठं धड राहिलीय? खोपीला कडबा लागतो, कडब्याला ज्वारी लागते. आमच्या शिवारात आता खरिपाला सगळं सोयाबीन आणि नंतर हरभरा. सोयाबीन ऑक्टोबरातच निघतं, भुसा होतो, त्याची खोप होत नाही. गेल्या वर्षी आम्ही पाच पेंढ्या कडबा विकत आणला. ज्वारीच्या मुलखात पूजेपुरता कडबा विकत! मालदांडी ज्वारी पेरतो तो आता हौशी गणला जातो, कारण काढायला माणूस मिळत नाही.

एका पाहुण्यांनी तर तुराट्यांची खोप केली आणि वरून शेडनेट टाकलं. हिरवं. पांडव पॉलिहाउसमध्ये.

मांजराकाठ | ६ डिसेंबर, दुपारी १२:४०

हसू आलं आणि नाहीही. यंदा सप्टेंबरात माझ्या सोयाबीनवर मांजरेचं पाणी पाच दिवस उभं होतं. पाणी उतरलं तेव्हा खालच्या पट्टीतली वीतभर माती गेलेली. हरभरा उशिरा पेरलाय, अजून टाचेएवढा आहे. बायको म्हणाली यंदा येळवस साधीच करू. माझे वडील म्हणाले, जिनं नेली ती बी लक्ष्मी, राहिली ती बी लक्ष्मी, खोप मोठी बांध.

त्यामुळं बिनबांधाचा, माझ्या निमंत्रणाला दया समजू नका. यंदा आमच्याकडंच माणसं लागणारेत. तुमच्या मातोश्रींना सांगा, रान नदीकडचं आहे, तुमच्या शिवारापासून पंचवीस किलोमीटर लांब. तिकडचं काही दिसत नाही.

भालकीची_सून | ६ डिसेंबर, दुपारी २:२२

कदी येलालाव, एवढंच सांगा आता.

बिनबांधाचा | ८ डिसेंबर, रात्री ९:१५

आई तयार झाली. एकच अट आहे, रिकाम्या हातानं जायचं नाही, आंबील तिच्या हातची आणि तिच्याच बिंदग्यातनं. पितळी बिंदगं आम्ही पुण्याला आणलेलं, त्यात बायकोनं मनीप्लांट लावला होता. तो आज बादलीत गेला. पीठ बुधवारी भिजवणार, गुरुवारी पहाटे गाडी काढणार, शिजवायचं तिथं पोचल्यावर.

औशाचीलेक | ८ डिसेंबर, रात्री ९:२१

भिजवलेलं पीठ गाडीत नेताना घट्ट झाकण लावू नका. फडकं बांधा. हे मी अनुभवानं सांगतेय.

बिनबांधाचा | २१ डिसेंबर, दुपारी ४:००

आलो परत. औशाचीलेक, मी झाकण लावलं होतं.

बिंदग्यातलं सांडेल म्हणून बायकोनं पीठ प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलं, मी फिरकीचं झाकण आवळलं. टेंभुर्णीच्या पुढं मागच्या सीटवर फटाका वाजला. टपावर, काचांवर, लेकीच्या केसांत, सगळीकडं आंबील. आई आधी घाबरली आणि मग जी हसायला लागली ती बार्शी येईपर्यंत. "चर शिंपून झाली," म्हणत होती. तिला असं हसताना मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं. कॅनमध्ये तळाला दीड तांब्या उरली होती. मांजराकाठ यांच्या वहिनींनी ती त्यांच्या आंबिलीत मिसळली, त्यामुळं अट पाळली गेली असं आईचं म्हणणं.

खोप मोठी होती, कडब्याचीच. शेंगा आदल्या रात्री मी आणि मांजराकाठनी सोलल्या (जाईजुई, नोंद घ्या, बोटं अजून काळी आहेत). खडे रंगवायला माझ्या आठ वर्षांच्या लेकीला बसवलं. तिनं भीमाला मिश्या काढल्या. मांजराकाठच्या वडिलांनी ते पाहून काही पुसलं नाही. पंगत एकच होती, खोपीच्या सावलीपासून बांधापर्यंत आणि बांध ओलांडून पलीकडं, कारण माणसं मावेनात.

चर शिंपायला वडील निघाले, त्यांच्या मागं आम्ही. आई खोपीजवळ बसून राहिली. अर्धं रान झाल्यावर मागं वळून पाहिलं तर ती एकटी उठून खालच्या पट्टीत, जिथली माती गेलीय तिथं, पेला घेऊन शिंपडत होती. ओरडत नव्हती, ओठ हलत होते.

संध्याकाळी दूध उतू घातलं. ते नदीच्या दिशेनं गेलं. त्यावर वडीलधाऱ्यांत बराच वाद झाला की हे चांगलं की वाईट. अंधार पडल्यावर पोरांनी हेंडगा (मशाल) पेटवून रानाला फेरी मारली आणि माझ्या लेकीची चप्पल हरवली.

सईसांगली | २१ डिसेंबर, सायंकाळी ५:१०

भीमाच्या मिश्यांचा फोटो हवा.

निवृत्त_मास्तर | २१ डिसेंबर, सायंकाळी ६:००

दूध नदीकडं गेलं म्हणजे नदीकाठी पिकेल. वाद मिटला.

सोयाबीनग्रस्त | २१ डिसेंबर, सायंकाळी ६:०४

की पाणी पुन्हा येईल? :)

बिनबांधाचा | २१ डिसेंबर, रात्री ८:४५

आईनं घरात पाय टाकल्या टाकल्या विचारलं, "फुडल्या साली कवा हाय?"

तिथीपंडित | २१ डिसेंबर, रात्री ८:५२

पुढल्या साली नाहीच. २०२६ ला ज्येष्ठ अधिक आहे, मार्गशीर्षातली अमावस्या थेट २०२७ च्या जानेवारीत येते.

मांजराकाठ | २१ डिसेंबर, रात्री ९:२०

मावशींना सांगा घाई नाही. बिंदगं इथंच विसरलंय, बायकोनं घासून फळीवर ठेवलंय. मनीप्लांट पुन्हा त्यात लावायचा नाही असा तिचा निरोप आहे.